पुलाअलीकडे थांबलेली एसटी

"आत्या, बाबांची तब्येत जास्त हाय. जमलं तर निघून या," असा ज्ञानोबाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते आणि समोर माझा थोरला भाऊ, दादा, चहा पीत बसला होता. ज्ञानोबा म्हणजे मारोतरावांचा मुलगा. त्याचा आवाज इतका सावरलेला होता की मला लगेच कळलं. मी म्हटलं, "ज्ञानोबा, गेले का रे? खरं सांग." पलीकडून "व्हय आत्या, पहाटंच," एवढंच. फोन ठेवला आणि मला दुःखाच्या आधी राग आला. आपल्याकडे गेलेल्या माणसाला फोनवर आणखी दोन-चार तास जिवंत ठेवायची ही काय रीत आहे, माणूस भेटायला म्हणून धावत येतो आणि गल्लीच्या तोंडाशी त्याला रडणं ऐकू येतं, असं काहीबाही मी बडबडत होते. दादाने कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "चल, मी येतो सोबत," म्हणाला आणि चपला शोधायला लागला. मारोतरावांना तो आयुष्यात मोजक्याच वेळा भेटलेला. तो असा तडक उठला याचं मला तेव्हा थोडं नवल वाटलं होतं.

चारठाण्याच्या मारोतरावांना जाऊन आता महिना होत आला. एसटीतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर, त्याची बातमी कुठे यायची नव्हतीच. ते माझे कोण, हे सांगताना मी नेहमी अडखळायचे. नातं नाही, गोत नाही, शेजार नाही. अलीकडे अलीकडे 'माझ्या मुलीचे मामा' असं सांगून मोकळी व्हायचे. त्याआधी मात्र बरीच वर्षं मी त्यांना 'तो ड्रायव्हर' एवढंच म्हणत होते, आणि तेही दातओठ खाऊन.

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. मी जिंतूरला एका शाळेत क्लार्क होते, लग्न व्हायचं होतं, एक खोली करून राहत होते. आई, दादा आणि वडील परभणीला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. छातीच्या दुखण्याने ते दवाखान्यात होते आणि आदल्याच रविवारी मी त्यांना भेटून आले होते. "आता तू कामून रजा घालवायलीस, मी ठीक हाय," असं म्हणून त्यांनीच मला परत पाठवलं होतं. आठवड्याच्या मध्यावर शाळेच्या फोनवर दादाचा निरोप आला, अण्णांचं काही खरं नाही, असशील तशी निघ. बाहेर झड लागलेली. दोन दिवस पावसाने तोंड मिटलं नव्हतं. मी हातातलं रजिस्टर तसंच उघडं टाकून स्टँडवर धावले आणि मिळाली त्या परभणी गाडीत चढले.

अर्ध्या वाटेत एक ठेंगणा फरशी पूल होता. आता तिथे उंच पूल झाला आहे. तेव्हा पावसाळ्यात ओढ्याला जरा कुठे जोर आला की पाणी फरशीवरून वाहायचं. त्या दिवशी कडेचे दगडी खुंट दिसेनासे झाले होते. ड्रायव्हरने गाडी अलीकडेच थांबवली, खाली उतरून पाण्यापर्यंत गेला, परत आला, किल्ली काढून खिशात टाकली आणि म्हणाला, "गाडी जाणार न्हाई. पाणी उतरंस्तोर बसा." झालं! सगळी गाडी त्याच्यावर तुटून पडली. कुणी म्हणालं गुडघाभर तर पाणी आहे, कुणी म्हणालं तुझ्यापेक्षा बैलगाडीवाला बरा. मी त्याच्या सीटजवळ जाऊन हात जोडले. वडील दवाखान्यात आहेत, शेवटची घटका आहे, हवं तर पाया पडते... त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "ताई, चाळीस-पन्नास जीव हायेत गाडीत," एवढंच बोलला.

तेवढ्यात मागून एक काळीपिवळी आली. त्या जीपवाल्याने काच खाली करून "परभणी, परभणी, दोन शीट!" असं ओरडायला सुरुवात केली. कुणी हललं नाही. मी एसटीतून उतरले, जीपच्या पायरीवर एक पाय टाकला, आणि मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. तोच ड्रायव्हर. "ताई, न्हाई जायाचं," म्हणाला. मी ओरडले, झटापट केली, त्याच्या हाताला चावायची तेवढी राहिले. जीपवाल्याने दोनदा हॉर्न दिला आणि गाडी घातली. मधोमध ती एकदा कलली. मग सावरून ती पलीकडच्या चढाला लागून दिसेनाशी झाली. एसटीतून हशा आणि शिव्या दोन्ही आल्या. "बघ, गेली की नाही!" त्यावरही त्याने किल्ली काही खिशातून काढली नाही. "जीप गेली म्हणून पूल चांगला झाला का?" असं तो स्वतःशीच म्हणत होता. मी रस्त्याच्या कडेला चिखलात बसकण मारली.

पाणी दुसऱ्या दिवशी उजाडता उतरलं. पूल जसाच्या तसा होता. त्यावरून आमची एसटी गेलीसुद्धा, आणि तेव्हा कुणी त्या माणसाकडे बघायलाही तयार नव्हतं. मी घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. अण्णा गेले होते आणि त्यांना पोचवूनही झालं होतं. दादाने मला जवळ घेतलं आणि सांगितलं, दिवेलागणीला गेले, शेवटपर्यंत तुझं नाव घेत होते, पावसामुळे लगेच उरकावं लागलं. आई नुसती रडत होती. त्या क्षणी माझ्या मनात अण्णांचा चेहरा यायच्या ऐवजी माझ्या मनगटावरचा तो हात आला. जीपमध्ये बसले असते तर चारच्या आत दवाखान्यात असते. दिवेलागण व्हायला मग कितीतरी वेळ होता.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे, शेजारी भाकरी-पिठलं करून आणतात, त्याला कडू घास म्हणतात. तिसऱ्या दिवशी दारात खाकी कपड्यातला एक माणूस उभा राहिला, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. कंडक्टरकडून की आणखी कुणाकडून त्याने घर शोधून काढलं होतं. "आमच्या मंडळीनं केल्यात," म्हणाला. आई म्हणाली, "या, बसा." मी त्याला बघितलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्याने आणलेल्या भाकरीचा तुकडा मी तोंडात घातला नाही. तो कधी उठून गेला तेही मला माहीत नाही.

नंतर लग्न झालं, बदली होऊन परभणीत आले, प्राची झाली. प्राची लहानपणापासून ही गोष्ट ऐकत मोठी झाली. इतर मुलांना राक्षसाच्या गोष्टी सांगतात, माझ्या मुलीला त्या ड्रायव्हरची. पाऊस लागला की मी सुरू व्हायचे, आणि तिचे बाबा हळूच टीव्हीचा आवाज वाढवायचे.

ती नववीत असताना तिच्या मराठीच्या बाईंनी वर्गाला प्रकल्प दिला. विषय, 'माणूस हिरो कशाने होतो?' पोरांनी लगेच दुकानात धाव घेतली, कारण आपल्याकडे प्रकल्प म्हणजे चित्रांचे तक्ते आणून कापायचे आणि चिकटवायचे. नट, क्रिकेटवाले, सीमेवरचे जवान, सगळ्यांची चित्रं गल्लीतल्या स्टेशनरीत मिळतात. पण या बाई जरा निराळ्या होत्या. त्यांनी दोन अटी घातल्या. माणूस असा निवडायचा की ज्याच्या घरी जाऊन बसता येईल. आणि ज्याची त्या माणसाविषयी तक्रार आहे, अशा एकाला तरी शोधून त्याचंही म्हणणं लिहायचं. वर्गातले निम्मे पालक या दुसऱ्या अटीवर वैतागले. आता स्वतःच्या आजोबांना हिरो करायचं तर त्यांची तक्रार करणारा कुठून आणायचा, आणि आणला तर सणावाराला घरात तोंड कसं दाखवायचं! प्राची मात्र घरी आली ती उड्या मारतच. "आई, माझा हिरो ठरला. आणि तक्रार करणारी तर घरातच आहे!"

मी तिच्यावर चिडले. तो माणूस हिरो? ती म्हणाली, "तेच तर बघायचंय ना. बसमधल्या लोकांसाठी असेल, तुझ्यासाठी नसेल. मला कुठं माहीत आहे?"  नवऱ्याने आपल्या परीने चौकशा केल्या, आणि एका रविवारी आम्ही तिघं चारठाण्याला गेलो. मी अंगणाबाहेरच थांबणार होते, पण मारोतराव बाहेर आले आणि त्यांनी मला लगेच ओळखलं. केस पांढरे झाले होते, अंग सुटलं होतं. "या ताई," म्हणाले आणि आत वळून, "अगं ये, परभणीच्या ताई आल्यात!" असं अशा आवाजात ओरडले की जणू मी दर महिन्याला येणारी होते. त्यांच्या बायकोला, गयाबाईंना, माझ्याविषयी सगळं ठाऊक होतं हे त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हाच मला समजलं. त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या मनगटाकडे बघितलं होतं.

मारोतराव गप्पिष्ट निघाले. प्राचीने पेन सरसावून पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही हिरो आहात असं तुम्हाला वाटतं का?" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हिरो? अगं पोरी, हिरो गाडी पुलावरून उडिवतो. मी तर बिरेक दाबला. बिरेक दाबणाऱ्याचा पिक्चर कदी बगितला का तू?" मग थोडं थांबून ते गंभीर झाले. "गाडी थांबिवली त्याचं मला काई न्हाई. उद्या तसंच पाणी आलं तर पुन्यांदा थांबवीन. गाडीत बसल्याला माणूस माझ्या जिम्म्यात असतो. पण तुझी माय उतरली व्हती. उतरल्याल्या माणसाला अडवायचा मला काय अख्तियार व्हता? तिचा बाप, तिचा जीव, तिची मर्जी... जीप बुडली असती तर मी शाना ठरलो असतो. जीप गेली. मंग मी कोण ठरलो, सांग बरं." प्राचीचं पेन थांबलं होतं. हे सगळं ते तिच्याशी बोलत होते, पण ऐकवत मला होते. इतकी वर्षं ज्या माणसाला मी मनातल्या मनात उभं-आडवं घेतलं, तो माझीच बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडत होता.  गयाबाईंनी पोहे आणले. या वेळी मी खाल्ले.

मग माझी पाळी. प्राचीने मला आमच्याच ओट्यावर रीतसर समोर बसवून विचारलं, "तुमची तक्रार काय?" मी सांगितलं ते तिने तसंच्या तसं लिहून घेतलं. अण्णा दिवेलागणीपर्यंत माझी वाट बघत होते, शेवटपर्यंत माझं नाव घेत होते, त्या माणसाने मला जाऊ दिलं असतं तर मी पोचले असते. मला जे माहीत होतं तेच मी बोलले.

शाळेत प्रदर्शन भरलं तेव्हा प्राचीने हट्टाने मारोतरावांना बोलावलं. ते आणि गयाबाई सकाळच्या गाडीने आले, ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, त्या ठेवणीतल्या लुगड्यात. प्राचीच्या तक्त्यावर एका बाजूला तिने एसटी काढली होती, खिडक्याखिडक्यांतून माणसांची तोंडं, सगळी हसरी, जी खरं तर त्या दिवशी शिव्या देत होती. दुसऱ्या बाजूला दवाखान्यातली एक खाट आणि खाली माझं म्हणणं, तिच्या वळणदार अक्षरात. मारोतराव एसटीसमोर थांबलेच नाहीत. ते त्या दुसऱ्या बाजूसमोर उभे राहिले. वाचायला त्यांना वेळ लागायचा, एकेक शब्द ओठांनी जुळवत ते वाचत होते. अण्णा गेले एवढंच त्यांना ठाऊक होतं. कधी गेले, कसे गेले, हे ते भाकरी घेऊन आले तेव्हा घरी कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी दोनदा वाचलं. मग मागे वळून गयाबाईंना म्हणाले, "नाव घेत व्हते म्हने..." आणि बाकावर जाऊन बसले.

प्राची माइकवर धीटपणे बोलली. "माझ्या प्रकल्पातला माणूस हिरो आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही," असं तिने शेवटी सांगितलं आणि पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. परीक्षकांच्या मते निष्कर्ष नसलेला प्रकल्प अपुरा असतो, तेव्हा तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि पहिला नंबर थर्माकोलच्या रणगाड्याला गेला. मारोतरावांना शाल-नारळ द्यायचं ठरलं होतं आणि ते पालकांनी द्यावं, अशी कुणाची तरी सूचना. मी शाल घेऊन पुढे झाले. ते हळूच म्हणाले, "ताई, मन नसंल तर राहू द्या. मी काई म्हणणार न्हाई." मी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. मन होतं की नव्हतं, आज नेमकं सांगता येत नाही. पण टाकल्यावर ती नीट बसली का, हे मी हाताने बघितलं, तेवढं आठवतंय.

त्यानंतर येणंजाणं सुरू झालं ते थांबलंच नाही. तुरीच्या शेंगा आल्या की पिशवी यायची, सीताफळं पिकली की टोपली. प्राचीला ते भाची म्हणायचे आणि ती पुण्याला नोकरीला लागली तेव्हा मला त्यांनी फोनवर तासभर हैराण केलं, गाडी कोणती, ड्रायव्हर पेलेला तर नसतो ना, रात्रीची जाती का दिवसाची. तिच्या लग्नात ते मामा म्हणून अंतरपाटाशी उभे राहिले. माझा सख्खा भाऊ शेजारीच होता. दादाशी ते फार आदबीने वागायचे, आणि दादा त्यांच्याशी अगदी कामापुरता. मला ते आवडायचं नाही. मी एकदा दादाला बोललेही, अरे, मी विसरायला लागले, तू कशाला धरून बसलास? दादा चष्मा काढून पुसत बसला.

पण एक गोष्ट मारोतरावांनी कधी सोडली नाही. तीन-चार भेटींआड कधीतरी, गप्पा रंगलेल्या असताना ते मधेच विचारायचे, "ताई, अण्णा नुसतं नावच घेत व्हते, का आनखी काई म्हनायलते?" मी सांगायचे, नुसतं नाव. "पानी मागितलं का हो?" मला माहीत नाही, मारोतराव. "दाराकडं बगत व्हते का?" मी म्हणायचे, आता सोडा ना ते, किती वर्षं झाली. ते "व्हय, व्हय" म्हणून विषय बदलायचे. गेल्या संक्रांतीला आमची शेवटची भेट झाली. दम लागत होता, दोन पायऱ्या चढल्या की थांबायचे. तिळगूळ हातावर ठेवताना म्हणाले, "ताई, वर गेल्यावर आदी अण्णाला गाठणार हाय. त्यांच्या पाया पडतो आन सांगतो, पोरगी येत व्हती, मीच अडिवली." मी त्यांना रागावले. असं अभद्र सणाच्या दिवशी बोलू नका म्हटलं. ते हसले आणि तिळगूळ तोंडात टाकला.

तेरवी करून चारठाण्याहून आलो त्या दिवशी दादा स्वतःच्या घरी न जाता माझ्याकडे उतरला. जेवला नाही. बराच वेळ पंख्याकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "एक सांगायचंय. ज्ञानोबाच्या फोननंतर तू जी बडबडलीस, तेव्हापासून मला घास गिळवत नाही." मी समोर बसले. "अण्णा दिवेलागणीला नाही गेले. सकाळीच गेले. तुला फोन केला तेव्हा गेलेलेच होते. फोनवर कसं सांगायचं म्हणून... तू म्हणतेस ती रीत." मला आधी नीट उमगलंच नाही. तो सांगत राहिला. पाऊस थांबेना, स्मशानाच्या वाटेवरच्या ओढ्याला पाणी चढायला लागलं. काका आणि चार लोक मागे लागले, आता नेलं नाही तर मग दोन दिवस नेता येणार नाही. दादा म्हणत होता बहिणीची वाट बघू, पण कुणी ऐकेना, आणि तोही मग हटला. "तुझी गाडी पुलावर थांबली असेल तेव्हा आम्ही अण्णांना घेऊन निघालो होतो. तू जीपमध्ये बसली असतीस तरी... काही नव्हतं गं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, तेव्हा लेकीची वाट बघितली नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून दिवेलागण आली. आईने शपथ घातली, पोरीला कळू देऊ नका. आणि नाव? मी विचारलं. नाव घेत होते ते? दादाने नकारार्थी मान हलवली. झोपेतच गेले होते अण्णा. नाव वगैरे काही नाही. "तुला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं," असं म्हणून तो रडायला लागला. माझा सत्तरीला आलेला भाऊ.

मला बरं वाटावं म्हणून! मी त्याला ओरडू शकले नाही. अण्णांनी माझी वाट बघितली नव्हती, तडफड केली नव्हती, यात एका बाजूने मला इतकं हलकं वाटलं की मी तशीच भिंतीला टेकून बसले. आणि दुसऱ्या बाजूने... मी त्याला एवढंच विचारलं, "मग लग्नात ते शेजारी उभे होते तेव्हा तरी का नाही सांगितलंस? मला नको, त्यांना सांगायचंस." दादा म्हणाला, "रोज ठरवायचो." प्राचीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तो तक्ता मी काढला होता." तिला समजावलं, तुझा काय दोष बाळ, पण ते तिने ऐकलं असं वाटलं नाही. बाईंच्या अटीप्रमाणे तिने दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. त्यातली एक बाजू घडलेलीच नव्हती, हे चौदा वर्षांच्या मुलीने कुणाला विचारून तपासायचं होतं?

मागच्या आठवड्यात मी एकटीच चारठाण्याला गेले. ज्ञानोबा शेतात होता. गयावहिनी ओसरीत बसल्या होत्या, मला बघून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आत नेलं. मारोतरावांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. मी फार वेळ न लावता सगळं सांगून टाकलं. अण्णा सकाळीच गेले होते. नाव घेतलं नव्हतं. जीपने गेले असते तरी भेट व्हायची नव्हती. मारोतरावांनी माझं काहीएक हिरावलं नव्हतं. त्या ऐकत होत्या, मधे मधे "अस्सं" म्हणत होत्या.  दादाला नावं ठेवतील, मला चार शब्द सुनावतील, असं मला वाटलं होतं, आणि त्यांनी तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ताई, आता हे मी कुनाला सांगू?"

नंतर चहा झाला. ऊन उतरलं, घरात अंधारून आलं. समोरच्या घरात दिवा लागला, शेजारी लागला. आमच्याकडे कुणी उठेना. मला वाटलं वहिनींच्या लक्षात नाही, म्हणून मीच बटणाकडे निघाले, तर त्यांनी माझा पदर धरला. "थोडं थांबा. लगीच न्हाई लावत आमी." मग त्यांनी सांगितलं. पोरीच्या शाळेतून आले त्या दिवसापासनं मारोतराव दिवेलागणीला घरात दिवा लावू देत नसत. ओट्यावर जाऊन बसायचे, तोंड रस्त्याकडे. बाहेर पार काळोख पडला की आत यायचे आणि म्हणायचे, "लाव आता." पाहुणे असोत, पोरांचा अभ्यास असो, तेवढा वेळ सगळ्यांनी अंधारात थांबायचं. एवढ्या वर्षांत मी त्या घरी कितीदा गेले, पण नेहमी परतीची गाडी गाठायला उन्हं असतानाच निघाले होते.

मी म्हटलं, "वहिनी, लावा हो दिवा. आता सांगितलं ना मी, तसं काही झालंच नव्हतं."

"व्हय. मला कळलं," त्या म्हणाल्या. ओट्याकडे बघत होत्या. "पर त्येंला कुटं कळलंय?"

मी परत येऊन त्यांच्याशेजारी बसले.